पलंगाखालच्या सतरा टाक्या

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. शेगडीवर दूध, बाथरूममध्ये आमचे हे, आरशासमोर लेक आणि तिच्या केसांत अडकलेला कंगवा, अशी आमच्या घरातली रोजची धुमश्चक्री ऐन रंगात आलेली असताना दारावर थाप पडली. बेल असून थाप मारणारा माणूस आमच्या इमारतीत एकच. "बेलला वीज लागते, हाताला लागत नाही," असं त्यांचं म्हणणं.

दार उघडलं तर तेच. वरच्या मजल्यावरचे, फ्रिज आणि एसी दुरुस्त करणारे भावजी. अख्खी इमारत त्यांना थंडोबा म्हणते. धंदा थंडाव्याचा म्हणून आणि कामाचा वेग तसा म्हणूनही. दुसरा मेकॅनिक जे काम तासाभरात उरकतो त्याला भावजींना अर्धा दिवस लागतो. पण आज थंडोबा धापा टाकत होते. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली, एका हातात पान्यांची पेटी, दुसऱ्या हातात काहीच नाही. तो हात त्यांनी माझ्यापुढे पसरला.

"वहिनी, तुमचा वजनकाटा द्या. माणसं तोलायचा."

"सकाळी सकाळी कुणाला तोलताय, भावजी?"

"वायूला! मोठ्या सभागृहाचं एसीचं यंत्र पहाटे बंद पडलं. आत रात्रभर बसलेली एकशे नव्वद देशांची माणसं उकडून निघतायत, वहिनी! आणि बोलावलंय कुणाला? मला!"

"आणि तुमचा काटा?"

"परवा स्कूटरवरून पडला. आता काहीही ठेवा, पंचाहत्तर दाखवतो. चला, द्या लवकर."

दूध उतू गेलं. लेक ओरडली. बाथरूममधून आमच्या ह्यांनी विचारलं, "कोण आहे?" मी म्हटलं, "थंडोबा, आणि आज ते घाईत आहेत." आतला नळ एकदम बंद झाला. अशी बातमी पचायला वेळ लागतो.

आमच्या शहरात गेले नऊ दिवस ती परिषद चालू होती. पृथ्वी तापते आहे, तेव्हा कोणत्या देशाने किती धूर कमी करायचा, कधीपर्यंत करायचा आणि त्याची झळ कोणी सोसायची, हे ठरवायला जगभरची माणसं आली होती. इमारतीतल्या बाकीच्यांना त्यातलं एवढंच कळत होतं की तीन रस्ते बंद आहेत आणि शाळेची बस लांबून वळसा घालून येते. भावजी मात्र रोज संध्याकाळी चहाच्या वेळी यायचे आणि माझ्याकडून पेपरातली परिषदेची बातमी वाचून घ्यायचे. पूर्ण बातमी नको असायची. "आपला परिच्छेद कुठवर आला तेवढं सांगा," म्हणायचे. जसं काही नात्यातलं कोणी दवाखान्यात आहे.

'आपला परिच्छेद' म्हणजे फ्रिज आणि एसीतल्या वायूबद्दलचा. हा वायू यंत्रात बंद आहे तोवर गुणी आहे. हवेत सुटला की त्याच्यासारखा वाईट नाही. काही देशांचं म्हणणं, यंत्र दुरुस्तीला उघडणाऱ्या प्रत्येकाने आधी आतला वायू टाकीत काढून घेतलाच पाहिजे. बाकीचे म्हणत होते, आमच्याकडचे मेकॅनिक गल्लीबोळांत काम करतात, त्यांना हे जमायचं नाही, तेव्हा 'शक्य असेल तिथे' असं घाला. त्या तीन शब्दांवर नऊ दिवस गाडं अडलं होतं आणि आज शेवटचा दिवस होता.

"शक्य असेल तिथे म्हणजे कुठेच नाही," भावजी म्हणायचे. "मी ओळखतो ना आमच्या लोकांना."

तसल्या लोकांना ओळखायला भावजींना दुसरीकडे जायला नको होतं. वयाच्या अठराव्या वर्षापासून पुढची सोळा वर्षं त्यांनी स्वतः तेच केलं होतं. नळी काढायची, फुस्स करून वायू सोडायचा, दुरुस्ती करायची, नवा वायू भरायचा, पुढचं घर. मग एकदा दोन दिवसांचा प्रशिक्षणवर्ग झाला. फुकट जेवण आहे म्हणून ते गेले. तिथल्या शिक्षिकेने फळ्यावर हिशोब मांडला, की एसीतला एक किलो वायू हवेत सोडणं म्हणजे कोळशाच्या धुरातला वायू जवळजवळ दोन हजार किलो सोडण्यासारखं आहे. भावजींनी हात वर करून विचारलं, "बाई, दोनशे म्हणायचंय का?" बाई म्हणाल्या, "दोन हजार." त्या दिवशीचं फुकट जेवण त्यांनी तसंच टाकलं. घरी येऊन बायकोला म्हणाले, "मी सात-आठ वर्षं स्कूटर चालवून जेवढा धूर करतो, तेवढा रोज दुपारी जेवणाआधी सोडत होतो गं."

त्याला आता एकवीस वर्षं झाली. तेव्हापासून वायू हवेत सोडायचा नाही म्हणजे नाही. वायू ओढून घेणारं जुनं यंत्र त्यांनी मिळवलं. आधी वायू टाकीत घ्यायचा, टाकी काट्यावर ठेवून वजन बघत घ्यायचा, कारण जास्त भरली तर टाकी फुटू शकते. मग दुरुस्ती. स्वच्छ असला तर तोच वायू परत भरायचा. गिऱ्हाईक घड्याळ बघतं, जांभया देतं, पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतं. थंडोबा हे नाव त्यातून पडलं.

पण खराब झालेल्या वायूचं करायचं काय? तो परत भरता येत नाही. विकणाऱ्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "आम्ही देतो, घेत नाही." एका कचेरीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने पहिलीकडे. शेवटी भरलेल्या टाक्या घरात आल्या. आधी गॅलरीत, मग पलंगाखाली. सतरा झाल्या. वरच्या ताई, म्हणजे त्यांची बायको, एकदा मला म्हणाल्या, "लोकांच्या पलंगाखाली ट्रंका असतात, आमच्या खाली पृथ्वीचं भवितव्य. झाडू आत जात नाही."

मागच्या आठवड्यात इमारतीच्या सेक्रेटरींनी नोटीस लावली, येत्या रविवारपर्यंत टाक्या हलवा. जाता जाता सल्लाही दिला. "अहो, गच्चीत जाऊन सोडून द्या ना. वास नाही, रंग नाही. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना," भावजी म्हणाले होते. त्या दिवसापासून त्यांचा चहा निम्मा कपात उरत होता. आज शुक्रवार होता.

तर काटा. आमच्या काट्याला एक खोड आहे. डाव्या कोपऱ्यावर टाचेने हलकेच मारल्याशिवाय तो जागा होत नाही, आणि जोरात मारलं तर दोन किलो जास्त दाखवतो. ती नेमकी टाच घरात फक्त मला जमते. भावजींनी तीनदा मारून पाहिलं. एकदा शून्य, एकदा दोन किलो आणि एकदा नुसतीच आडवी रेघ.

"चला, वहिनी. तुम्हीच चला."

"मी? या अवतारात?"

"आम्ही तरी कुठल्या लग्नाला चाललोय!"

आमच्या ह्यांनी ओल्या डोक्याने बाहेर येऊन कंगवा हातात घेतला आणि म्हणाले, "जा जा. मी बघतो." लेक किंचाळली, "बाबा नको!" तोवर मी जिन्यात होते. वरच्या गॅलरीतून ताई ओरडल्या, "आज स्कूटरवरची माझी जागा काट्याला दिलीत का हो?" स्कूटरवर पुढे भावजी, पायाशी वायू ओढायचं यंत्र, मागे मी, माझ्या मांडीवर काटा आणि दोन्ही बाजूंना एकेक रिकामी टाकी दोरीने बांधलेली. भावजींकडे रिकाम्या अशा तेवढ्या दोनच उरल्या होत्या.

सभागृहाच्या मागच्या फाटकावरचा पहारेकरी भावजींचा शाळेतला दोस्त. त्यानेच तर फोन केला होता. नेहमीचा ठेकेदार फोन उचलत नव्हता. दोस्ताने माझ्या गळ्यात 'मदतनीस' असा बिल्ला अडकवला. लोखंडी जाळीच्या जिन्याने आम्ही गच्चीवर गेलो. तिथे खोलीएवढं थोराड यंत्र गप्प बसलं होतं आणि त्याच्यासमोर सभागृहाचे व्यवस्थापक येरझाऱ्या घालत होते.

"किती वेळ?"

भावजींनी झाकण उघडलं, कान लावला, एक नळी चाचपली. "एक झडप गेलीय. बदलायला वीस मिनिटं."

"शाबास!"

"आधी आतला वायू काढायला अडीच तास. तोही खराब झालाय, परत भरता यायचा नाही."

व्यवस्थापकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो, दहाला शेवटचं सत्र आहे! ठेकेदाराची माणसं पाच मिनिटांत सोडून देतात वायू!"

"ती देतात," भावजी म्हणाले आणि नळ्या जोडायला लागले.

मी काटा मांडला, टाच मारली, आकडे जागे झाले. टाकी वर ठेवली. यंत्र घरघरायला लागलं आणि काट्यावरचा आकडा हळूहळू चढू लागला. मी मोठ्याने वाचत होते, भावजी मान हलवत होते. दहा किलो आत गेले, पहिली टाकी बंद. दुसरी लावली. खाली हॉलची दारं आणि खिडक्या उघडलेल्या दिसत होत्या आणि कोटांशिवायची माणसं व्हरांड्यात गर्दी करून कागदांनी वारा घेत होती. ज्या कागदांवर पृथ्वीचा फैसला व्हायचा त्यांचा सकाळपासून तेवढाच उपयोग झाला होता.

पावणेदहाला दुसरी टाकी भरली. भावजींनी दाबाचं घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं.

"आत अजून दहा किलो आहे, वहिनी."

"मग?"

"मग टाकी नाही."

त्यांनी भराभर फोन लावले. ओळखीच्या सहा मेकॅनिकांना. पहिला हसला. दुसरा म्हणाला, "थंडोबा, अरे दहा किलोच उरलाय ना, सोड आणि ये घरी." तिसरा म्हणाला, रिकामी टाकी ठेवतो कोण? दुकानदार म्हणाला, भरलेली नवी हवी तर आत्ता पाठवतो, रिकामी मिळत नाही. व्यवस्थापक कानाशी येऊन म्हणाले, "मी तिकडे तोंड फिरवतो. तुम्ही ती नळी काढा. दहा किलोने काय आभाळ कोसळणार आहे?"

"वीस हजार किलो," भावजी म्हणाले. पेटी यंत्राच्या झाकणासमोर ठेवली आणि तिच्यावर बसले. "आता मला उचलूनच हलवा."

मला हसूही येत होतं आणि मी त्यांच्या शेजारी जाऊन उभीही राहिले. हा माणूस चहात साखर कमी पडली तरी बोलत नाही!

तेवढ्यात जिन्यावर आवाज झाला. आधी एक हात दिसला, त्यात उंच टाचांचे बूट. मग पांढरे केस, मग उरलेली एक ठेंगणीशी बाई. टाचा जाळीत अडकायला लागल्या म्हणून बूट हातात घेऊन अनवाणीच वर आली होती. रोज पेपरात फोटो यायचा, मी लगेच ओळखलं. 'आपल्या परिच्छेदा'च्या समितीच्या अध्यक्षबाई! तिने परक्या भाषेत विचारलं, थंड हवा कधी येणार आहे? व्यवस्थापक नुसतेच कोटाची बटणं लावायला लागले. कॉलेजात चार वर्षं घोटलेली ती भाषा माझ्या तोंडून मात्र भराभरा निघाली. इतकी वर्षं कुठे दडून बसली होती कोण जाणे.

मी सगळं सांगितलं. झडप, अडीच तास, दोन टाक्या, उरलेले दहा किलो.

अध्यक्षबाई भावजींकडे वळली. "हे नेहमी असंच करतात?"

"एकवीस वर्षं," मी म्हटलं.

"कायद्याने सांगितलंय म्हणून?"

मी विचारलं. भावजी म्हणाले, "कायदा तर खाली चाललाय ना करायचा?"

मी ते जसंच्या तसं पोचवलं. बाई मोठ्याने हसली. मग तिने विचारलं, "आणि काढलेला वायू जातो कुठे?"

"पलंगाखाली," भावजी म्हणाले. "सतरा टाक्या. ह्या दोन धरून एकोणीस. रविवारी त्या रस्त्यावर येणार आहेत."

हे भाषांतरित करताना मीच अडखळले. बाईला वाटलं मी शब्द चुकले. तिने दोनदा विचारलं, "पलंग? झोपायचा?" मी झोपून दाखवायच्या बेतात होते. मग तिच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. ती वाकून काट्यावरचा आकडा वाचायला लागली, टाकीला हात लावून पाहिला आणि सरळ उभी राहिली.

"नऊ दिवस," ती म्हणाली, "खाली तीनशे माणसं वाद घालतायत की मेकॅनिकला हे शक्य आहे की नाही. एकालाही मेकॅनिकला विचारायचं सुचलं नाही. मलासुद्धा." मग घड्याळाकडे बघून म्हणाली, "तीन मिनिटं देते. चला."

भावजींनी मला विचारलं, "काय म्हणतायत?"

"खाली चला म्हणतायत. बोलायला. सगळ्यांसमोर."

"कोण? मी?" त्यांनी पहिल्यांदा शर्टाच्या बटणांकडे पाहिलं. "आणि इथे झाकण कोण राखणार?"

"मी बसतो," फाटकावरचा दोस्त जिन्यातून म्हणाला. तो कधी आला होता ते कळलंच नव्हतं. पेटीवर बसकण मारून व्यवस्थापकांना म्हणाला, "साहेब, मी ह्याच्यापेक्षा जड आहे."

हॉल म्हणजे भट्टी झाली होती. टाय सुटलेले, बाह्या दुमडलेल्या, टेबलांवर देशांच्या पाट्या आणि पाट्यांमागे घामेजलेले चेहरे. भिंतीशी काचेच्या छोट्या खोल्या, त्यांत दुभाषे; त्यांचा आवाज ऐकायचं यंत्र भावजींच्या कानाला लावलं गेलं. तिथे माझी गरज संपली, त्यामुळे मी काटा छातीशी धरून दाराजवळ उभी राहिले. अध्यक्षबाईने चार वाक्यांत ओळख करून दिली. त्यातलं एक मला ऐकू आलं: "हे गृहस्थ गच्चीवर आपला परिच्छेद पाळत बसले आहेत, म्हणून आपल्याला उकडतंय." हॉलमध्ये हशा पिकला. बऱ्याच दिवसांनी पिकला असावा, कारण थांबेचना.

भावजी माईकसमोर उभे राहिले. बटणं अजून चुकलेलीच होती. हातांना तेल लागलं होतं, ते कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना, म्हणून मागे बांधले.

"नमस्कार. तुम्हाला उकडतंय, माफ करा. यंत्राचं काम वीस मिनिटांचं आहे. पण आत दहा किलो वायू आहे आणि तो मी सोडणार नाही."

दुभाष्यांचे ओठ काचेमागे हलले. कोणीतरी कागदाने वारा घ्यायचं थांबवलं.

'शक्य असेल तिथे' म्हणणाऱ्यांच्या बाजूच्या एका उंच गृहस्थांनी हात वर केला. त्यांचा सूर वाईट नव्हता, दमलेला होता. ते म्हणाले, "आमच्या देशात तुमच्यासारखे तीन लाख मेकॅनिक आहेत. हे त्यांना जमेल असं तुम्हाला खरंच वाटतं?"

मला वाटलं, आता भावजी अडकले. पण त्यांनी मान डोलवली, एखाद्या गिऱ्हाइकाने बरोबर जागी बोट ठेवावं तशी.

"साहेब, वायू काढायला जमतो. तुमच्या तीन लाखांनाही जमेल, दोन दिवसांत शिकवता येतं. मी फुकट जेवणासाठी गेलो होतो, तरी शिकलो. वेळ जातो, गिऱ्हाईक चिडतं, टोपणनाव पडतं. तेही सोसता येतं. अडतं ते दुसरीकडेच." त्यांनी मानेनेच वर गच्चीकडे खूण केली. "वायू काढला की तो ठेवायचा कुठे? कोणी घेतच नाही. माझी बायको एकोणीस टाक्यांवर झोपणार आहे आजपासून. तिने एकवीस वर्षांत एकदाही म्हटलं नाही की सोडून द्या. पण दर मेकॅनिकला अशी बायको मिळेल यावर तुम्ही जगाचा कायदा करणार का?"

पुन्हा हशा, पण हा लवकर विरला. उंच गृहस्थांनी शेजारणीच्या कानात काही सांगितलं. तिने पेन उघडलं. मागच्या रांगेतलं कोणीतरी उभं राहून पुढे येऊ लागलं. अध्यक्षबाईने समोरचा कागद ओढला आणि त्याच्या समासात काहीतरी खरडायला लागली. हॉलमध्ये असा काही गलबला सुरू झाला की मला काटा घट्ट धरावा लागला.

"एक मिनिट उरलंय," ती भावजींना म्हणाली. "तुम्हाला आमच्याकडून काय हवंय?"

भावजींनी मागचे हात पुढे घेतले. इकडे तिकडे पाहिलं, एकशे नव्वद पाट्यांवरून नजर फिरवली आणि शेवटी दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं, की वहिनी, मागू ना? मी मान हलवली.

"फार नाही," ते म्हणाले. "भरलेली टाकी घेऊन बदल्यात रिकामी देणारी एक खिडकी, माझ्या स्कूटरला पोचता येईल इतक्या अंतरावर. आणि आत्ता लगेच म्हणाल तर, एक रिकामी टाकी द्या."